दहा-वीस एसएमडी बोर्ड असेंबल करून घ्यायचे असतील तर: तालुक्याच्या गावातून काम करणाऱ्यांसाठी

आपल्याकडं यवतमाळ, वाशिम, वर्धा, अकोला या भागात मोटरपंपाचे मोबाईलवर चालणारे कंट्रोलर, ओलावा मोजायचे सेन्सर, झटका मशीन असलं काही ना काही बनवणारी पोरं आता बरीच आहेत. पहिला बोर्ड हातानं सोल्डर होऊन चालतो, मग ओळखीतले आठ-दहा शेतकरी म्हणतात आम्हालाही पाह्यजे, आणि तिथं काम अडकतं, काहून की एक बोर्ड हातानं करणं वेगळं आणि बारीक एसएमडी पार्टवाले (म्हणजे पाय आरपार न जाता बोर्डावरच सोल्डर होणारे) वीस बोर्ड एकसारखे करणं वेगळं, आणि मोठ्या फॅक्टरीवाल्याला वीस बोर्डासाठी फोन केला तर तो हजाराची गोष्ट करतो. पण छोटा लॉट करून देणारे लोक आहेत, फक्त त्यांच्याकडं तयारीनं जावं लागतं. पुण्या-बंगलोरचा माणूस चुकलं तर संध्याकाळी गाडी काढून असेंबलीवाल्याकडं जाऊन बसतो, आपलं पार्सल एकदा निघालं की परत यायला आठवडे जातात. म्हणून सगळं डोकं पार्सल निघायच्या आधी लावायचं, हे पूर्ण लिखाण त्याच्यासाठीच आहे.

आधी नग किती ते पक्कं करा. पाचपर्यंत बोर्ड असतील आणि पार्ट ०६०३ किंवा ०८०५ साइजचे (हे पार्टच्या मापाचे कोड) असतील तर स्टेन्सिल (सोल्डर पेस्ट लावायचा भोकांचा पत्रा) मागवून घरीच करा, खाली सांगतो कसं. दहा ते शंभरच्या मधात असेल तर बाहेर द्या. त्यातही पहिल्यांदाच बनत असलेलं डिझाईन असेल तर वीसच्या वीस एकदम भरून घेऊ नका, आधी दोन-तीन घ्या. शेन्झेनच्या जेएलसीपीसीबीकडं पाच पीसीबी (पार्ट न लावलेले छापील बोर्ड) घेऊन त्यातले दोनच असेंबल करता येतात, नवीन डिझाईनला हे लय कामाचं आहे, बाकीचे कोरे बोर्ड मोजायला आणि हातानं प्रयोग करायला उरतात.

आता पैसे कशाचे लागतात ते समजून घ्या, कारण इथं बरेच लोक फसतात. छोट्या लॉटमधे सोल्डरिंगचा खर्च थोडा असतो, खरा खर्च मशीन लावायचा: प्रोग्राम बनवणं, स्टेन्सिल, आणि प्रत्येक वेगळ्या पार्टची टेप फीडरवर (मशीनला पार्ट पुरवणारा भाग) चढवणं. बोर्डावर एकाच व्हॅल्यूचे चाळीस रेझिस्टर असले तरी फीडर एकच लागतो, आणि चाळीस वेगळ्या व्हॅल्यूचे असले की चाळीस. म्हणून बोर्ड पाठवायच्या आधी बॉम (पार्टची यादी) समोर घेऊन बसा आणि एकेक ओळ कमी करत जा. ४.७ के, ५.१ के आणि १० के असं तीन ठिकाणी पुलअप असेल तर सगळीकडं १० के चालतो का बघा, ५ के पाहिजे तर दोन १० के पॅरलल टाका, सगळे डीकपलिंग कॅपॅसिटर ०६०३ मधले १०० नॅनोफॅरड, ५० व्होल्ट, एक्स७आर एवढ्या एकाच ओळीत आणा. एलईडी लाल, हिरवा, पिवळा अशा तीन रंगाचे खरंच लागतात का तेही विचारा स्वतःला. तीस ओळींचा बॉम अठरावर आला तर कोटेशनमधे फरक लगेच दिसतो. जेएलसीपीसीबीवाले पार्टचे ‘बेसिक’ आणि ‘एक्स्टेंडेड’ असे दोन भाग करतात, बेसिक म्हणजे त्यांच्या मशीनवर आधीच चढलेले असतात, एक्स्टेंडेडमधल्या प्रत्येक वेगळ्या पार्टचे चढवायचे वेगळे पैसे, हिशोब तोच.

पण ओळी कमी करायच्या नादात जिथं साइज मुद्दाम ठेवलाय तिथं हात लावू नका. पंपाच्या कंट्रोलरमधे थ्री फेज ओळखायला आपण रेझिस्टरची साखळी टाकतो, तिथं फेज-फेजमधे ४१५ व्होल्ट म्हणजे पीक ५८७ व्होल्टच्या आसपास जातं. साधा ०८०५ रेझिस्टर १५० व्होल्टचा असतो, १२०६ दोनशेचा, म्हणून तिथं चार १२०६ सिरीजमधे पाहिजेत, आणि व्होल्टेज वाटून जावं म्हणून चारही एकाच व्हॅल्यूचे. जागा वाचवायला कोणी ते एकच ०८०५ करून टाकला तर बोर्ड टेबलावर चालेल आणि वावरात जळेल. ही गोष्ट बॉममधे शेरा मारून लिहा: ‘साइज बदलू नये’.

फाइली चार लागतात. गर्बर आणि ड्रिल (बोर्डाचे थर आणि भोकं सांगणाऱ्या, मिळून एक धरा) तर सगळ्यांना माहीत आहे, त्यात सोल्डर पेस्टची लेअर आहे ना बघा, नाहीतर स्टेन्सिल बनत नाही. बाकीच्या तीन म्हणजे बॉम, पिक अँड प्लेस फाइल आणि असेंबली ड्रॉइंग. किकॅड हे बोर्ड डिझाईनचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि या सगळ्या फाइली त्यातून निघतात.

बॉमवर जरा थांबतो. असेंबलीवाल्याला तुमचं सर्किट काय करते हे माहीत नसतं, त्याला माहीत करून घ्यायला वेळही नसतो, तुम्ही जे लिहिलं तेच तो लावणार. ‘१०० मायक्रो’ एवढंच लिहिलं तर तो कोणताही लावेल, मग तो उंच निघाला की डबीचं झाकण बसत नाही. प्रत्येक ओळीत बोर्डावरचं नाव म्हणजे आर१, सी४ वगैरे, नग, व्हॅल्यू, पॅकेज (पार्टचा आकार-प्रकार), कंपनी आणि कंपनीचा पूर्ण पार्ट नंबर पाहिजे. आयसीच्या पार्ट नंबरची शेवटची दोन-तीन अक्षरं सुद्धा महत्त्वाची असतात, पॅकेज आणि तापमानाची रेंज त्यातच असते. साध्या रेझिस्टर-कॅपॅसिटरच्या ओळीला ‘१ टक्का, ०६०३, कोणतीही चांगली कंपनी चालेल’ असं लिहून टाका, नाहीतर दोन पैशाच्या रेझिस्टरसाठी ऑर्डर आठ दिवस थांबते. आणि जो पार्ट लावायचाच नाही त्याची ओळ गाळू नका, ओळ ठेवून समोर ‘लावू नये’ लिहा, म्हणजे रिकामी जागा पाहून कोणाचा फोन येणार नाही आणि कोणी अंदाजानं काही भरणारही नाही.

पिक अँड प्लेस फाइलमधे प्रत्येक पार्टचा एक्स, वाय, फिरवायचा कोन आणि बाजू असते. गडबड होते ती कोनात. शून्य अंश म्हणजे पार्ट कसा ठेवायचा हे तुमच्या लायब्ररीत एक आणि त्यांच्या लायब्ररीत दुसरं असू शकतं, सॉट-२३ (तीन पायांचं छोटं पॅकेज) ट्रान्झिस्टर आणि आयसी यात हे नेहमीचं आहे. ऑनलाइन ऑर्डर करताना ते बोर्डाचं चित्र दाखवतात, त्यात एकेक आयसीची पहिली पिन सिल्कस्क्रीनवरच्या (बोर्डावरची छपाई) ठिपक्याशी जुळते का ते झूम करून पाहा, कंटाळा करू नका. माप मिलिमीटरमधे ठेवा, आणि गर्बरचा आणि या फाइलचा ओरिजिन (शून्य बिंदू) एकच आहे हे तपासा. जमेल तेवढे सगळे पार्ट वरच्याच बाजूला ठेवा, दोन्हीकडं पार्ट असले की स्टेन्सिल दोन, सेटिंग दोन, पैसे जवळजवळ दुप्पट.

असेंबली ड्रॉइंग म्हणजे एक साधी पीडीएफ, त्यात पार्टची नावं आणि दिशा मोठ्या अक्षरात. याचा सगळ्यात मोठा उपयोग डायोड आणि एलईडीला. एसएमडी एलईडीवरची हिरवी खूण बहुतेक कंपन्या कॅथोडकडं करतात, पण सगळ्या नाही, म्हणून डेटाशीट उघडून त्यातलं चित्र कापून ड्रॉइंगमधे चिकटवा आणि नुसतं ‘के’ असं कॅथोडकडं लिहा. बोर्डावर पहिल्या पिनचा ठिपका आयसीच्या अंगाखाली देऊ नका, बाहेर द्या, म्हणजे पार्ट बसल्यावरही तपासता येतो.

बोर्ड लहान असेल, समजा आगपेटीएवढा, तर मशीनच्या पट्ट्यावर तो एकटा धरता येत नाही, पॅनल करावं लागतं. चार किंवा सहा बोर्ड एकत्र, दोन बाजूला ५ मिलिमीटरची रिकामी पट्टी, आणि तीन कोपऱ्यात फिड्युशियल, म्हणजे १ मिलिमीटरचा तांब्याचा गोल ठिपका आणि भोवती २ मिलिमीटरपर्यंत मास्क (बोर्डावरचा रंगीत थर) उघडा. मशीनचा कॅमेरा त्यावरूनच बोर्ड ओळखतो. बोर्ड वेगळे करायला व्ही-कट (मोडायला सोपी खाच) मागितला असेल तर कडेजवळ सिरॅमिक कॅपॅसिटर ठेवू नका, ठेवावाच लागला तर त्याची लांबी कटच्या रेषेला समांतर ठेवा. हातानं बोर्ड मोडताना तो कॅपॅसिटर आतून तडकतो, बाहेरून काहीच दिसत नाही आणि महिन्याभरानं शॉर्ट होतो.

आता पार्ट कोण आणणार. दोन पद्धती आहेत, एक तर तेच पार्ट आणून सगळं करतात, नाहीतर तुम्ही पार्ट जमा करून पाठवता. पहिल्यांदा करणाऱ्यानं पहिलीच पद्धत घ्यावी असं माझं मत आहे, थोडं महाग पडते पण एखादा पार्ट कमी पडला तर ते त्यांचं काम. भारतात बंगलोरची लायन सर्किट्स, गांधीनगरची पीसीबी पॉवर हे छोटे लॉट घेतात आणि वेबसाइटवरच कोटेशन मिळते. चीनकडून मागवलं तर बोर्ड स्वस्त दिसतो पण त्यावर कुरिअर, ड्युटी आणि जीएसटी बसतो, कुरिअरवाला केवायसी मागतो, आणि फर्मच्या नावानं मागवायचं तर आयात-निर्यात कोड पाहिजे, त्यामुळं तुलना करताना घरी पोचलेल्या किमतीची करा. पुण्यात भोसरी-चाकणकडं जॉबवर्क करणारे भरपूर आहेत, नागपूरला कोणी ओळखीचं असेल तर हिंगणा आणि बुटीबोरी एमआयडीसीत चौकशी करायला सांगा, जवळचा माणूस मिळाला तर थोडे जास्त पैसे देऊनही परवडते कारण पहिला बोर्ड समोर बसून पाहता येतो.

पार्ट तुम्ही पाठवणार असाल तर पुढचं नीट वाचा. टेप सलग पाहिजे, तुकडे तुकडे नको, कारण फीडरमधे घालायला सुरुवातीची वीतभर टेप तशीच जाते. म्हणून रेझिस्टर-कॅपॅसिटर लागतात त्यापेक्षा पन्नास-शंभर जास्त द्या, त्याची किंमत नगण्य आहे. आयसी एक-दोन जास्तीचे द्या. टेपमधून पार्ट काढून पुडीत भरून पाठवू नका, मशीनला सुटे पार्ट उचलता येत नाहीत. प्रत्येक टेपच्या पिशवीवर बॉममधला ओळ नंबर लिहा. मायक्रोकंट्रोलर, जीएसएम मॉड्यूल, व्होल्टेज रेग्युलेटर हे अधिकृत डिस्ट्रिब्युटरकडूनच घ्या, एलिमेंट१४, माउझर, डिजीकी वगैरे. बाजारात वरचं नाव घासून पुन्हा छापलेले आयसी फिरतात, दहा बोर्डात तीन बिघडले की दोष डिझाईनचा की आयसीचा हे शोधण्यातच महिना जातो. जीएसएम मॉड्यूल निवडताना तुमच्या शिवारात कोणाची रेंज आहे ते आधी बघा, सिम८०० सारखं टूजी मॉड्यूल जिओवर चालत नाही कारण जिओकडं टूजी नाहीच.

ओलाव्याचा मुद्दा लोक सोडून देतात. मॉड्यूल आणि मोठे आयसी काळ्या-चांदीसारख्या सीलबंद पाकिटात येतात, त्यावर एमएसएल (ओलावा किती सोसतो त्याचा वर्ग) असा आकडा असतो. एमएसएल ३ म्हणजे पाकीट फोडल्यापासून ३० डिग्री आणि ६० टक्के आर्द्रतेत १६८ तासाच्या आत सोल्डर झालं पाहिजे. ईएसपी३२ची मॉड्यूल याच वर्गातली. जास्त उघडं राहिलं तर आतला ओलावा रिफ्लोमधे (पेस्ट वितळवायला तापवताना) वाफ होऊन पॅकेज फोडतो. तर मोजून घ्यायला पाकीट फोडू नका, तसंच सीलबंद पाठवा. फुटलंच असेल तर असेंबलीवाल्याला सांगा, ते बेक करतात (तापवून ओलावा काढतात). स्वतः करायचं झालं तर एक लक्षात ठेवा, टेपसकट १२५ डिग्रीत टाकलं तर टेपच वितळते.

फोनवर बोलताना त्यांना एवढं विचारून घ्या: पहिला बोर्ड भरून झाला की फोटो पाठवाल का आणि माझा होकार येईपर्यंत थांबाल का, उरलेले पार्ट परत देता का, स्टेन्सिल पुढच्या वेळेसाठी ठेवता का, शिसं असलेलं सोल्डर वापरता की बिनशिशाचं. विकायचा माल असेल तर बिनशिशाचंच सांगा, आपल्या देशाच्या ई-कचरा नियमात शिशाची मर्यादा आहे. आणि रिले, स्क्रू टर्मिनल, ट्रान्सफॉर्मर असले पाय आरपार जाणारे पार्ट त्यांच्याकडून लावून घेऊ नका, ते गावातच करा. तालुक्याच्या आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्स शिकून निघालेली पोरं-पोरी हे काम दोन दिवसात हातात घेतात, सोल्डरिंग सुंदर करतात, आणि पैसा गावात राहतो. मला हे मनापासून वाटते की ज्याला शक्य आहे त्यानं एवढं तरी काम इथंच ठेवावं.

घरी पाच बोर्ड करणाऱ्यांसाठी. पीसीबीसोबत स्टीलचं स्टेन्सिल मागवा, ०.१२ मिलिमीटर जाडीचं. सोल्डर पेस्ट प्रोटोटाइपसाठी ६३/३७ घ्या, १८३ डिग्रीला वितळते, बिनशिशाची एसएसी३०५ वितळायला २१७ च्या वर जावं लागतं आणि साध्या हॉट प्लेटवर ते सगळीकडं सारखं मिळत नाही. पेस्ट फ्रिजमधे २ ते १० डिग्रीत ठेवायची, पण खाण्याच्या फ्रिजमधे दूध-भाजीजवळ नाही, शिसं आहे त्यात, वेगळा छोटा फ्रिज नसेल तर रूम टेंपरेचरला टिकणारी पेस्ट मिळते ती घ्या. फ्रिजमधून काढल्यावर डबी बंदच ठेवून चार तास बाहेर राहू द्या, लगेच उघडली तर पाणी धरते. आणि एप्रिल-मे मधे पेस्ट कुरिअरनं मागवू नका, ४५ डिग्रीत डिलिव्हरीच्या गाडीत दोन दिवस राहिलेली पेस्ट फ्लक्स वेगळं होऊन येते. हिवाळ्यात मागवून ठेवा, वर तारीख लिहा.

उन्हाळ्यात काम सकाळी सहा-सातला करा, कारण दुपारी पेस्ट पातळ होऊन पसरते आणि आयसीच्या पिना जोडल्या जातात. कूलर बंद ठेवा. आपल्याकडं खोलीत वाळ्याचा नाहीतर गवताचा कूलर चालू असतो, त्यानं खोलीत पाण्याचा ओलावा भरतो, पेस्ट तो ओलावा ओढून घेते आणि तापवल्यावर सोल्डरचे बारीक मणी उडतात, शिवाय वाऱ्यानं ०६०३ पार्ट जागचे हलतात ते वेगळंच. कोरड्या दिवसात उलटी अडचण, अंगातली स्टॅटिक वीज, तेव्हा सिंथेटिक कपडे नको, मनगटाला पट्टा लावा आणि घराला अर्थिंग खरंच आहे का ते आधी तपासून घ्या, जुन्या घरात तीन पिनचं बोर्ड असते पण मागं तिसरी वायर नसते.

स्टेन्सिल बोर्डाला हलणार नाही असं टेपनं धरा, बाजूला त्याच जाडीचे कोरे बोर्ड लावले की पातळी सारखी राहते. पेस्ट एकाच दमात, पट्टी पंचेचाळीस अंशात धरून ओढायची. नीट उतरली नाही तर सुधारत बसू नका, पुसून बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुवून पुन्हा करा. खाली मोठा पॅड असलेल्या क्यूएफएन आयसीला त्या पॅडवर पूर्ण पेस्ट नको, स्टेन्सिलमधे खिडकीसारखे चौकोन करून ५० ते ७० टक्केच येऊ द्या, नाहीतर आयसी वर तरंगतो आणि बाजूच्या पिना लागत नाहीत. मग आधी बारीक पार्ट, शेवटी उंच. तापवताना १५० ते १७० डिग्रीच्या मधात दीड मिनिट, मग २१० ते २२० पर्यंत, १८३ च्या वर एकूण मिनिटभर, मग प्लेट बंद. खिडकी उघडी ठेवा, धूर घेऊ नका, नंतर हात साबणानं धुवा, आणि स्वयंपाकाचा ओव्हन किंवा तवा यासाठी कधीच वापरू नका. लाइन जायची वेळ माहीत असेल तर त्याच्या आधी उरका, हॉट प्लेट घरच्या छोट्या इन्व्हर्टरवर ओढत नाही. मधातच लाइन गेली तर पार्टला हात न लावता थंड होऊ द्या, पिनांवर ताजं फ्लक्स टाका आणि पूर्ण तापमान पुन्हा द्या.

बोर्ड बाहेरून आलेले असो की घरचे, लाइन जोडायच्या आधी मल्टिमीटरनं ३.३ व्होल्ट आणि ग्राउंडमधे शॉर्ट आहे का ते प्रत्येक बोर्डावर बघा. मोबाईलला मॅक्रो लेन्स लावून किंवा १० एक्सच्या भिंगानं पिना पाहा, एका टोकावर उभे राहिलेले रेझिस्टर आणि जोडलेल्या पिना यातच बहुतेक दोष सापडतात. पहिल्यांदा करंट लिमिट असलेल्या सप्लायवर १०० मिलिअँपवर चालू करा. जीएसएम मॉड्यूल चालू करताना लिमिट वाढवावी लागते, टूजी मॉड्यूल २ अँपिअरपर्यंत झटके ओढते, तिथं सप्लाय बसला तर बोर्डात दोष आहे असं समजू नका. एक बोर्ड पूर्ण तपासून वावरात आठवडाभर लावा, मगच बाकीचे वाटा. फ्लक्स धुवून, टेस्ट झाल्यावर, कनेक्टर झाकून कन्फॉर्मल कोटिंग (ओलावा रोखणारा पातळ थर) मारा. विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीत ओल असते, मुंग्या वारूळ करतात, पाली शिरतात, उघडा बोर्ड पावसाळा काढत नाही.

वेळेचा हिशोब मागून लावा. हरभरा-गव्हाचं ओलित ऑक्टोबर-नोव्हेंबरमधे सुरू होते, बोर्ड तेव्हा शेतकऱ्याच्या हातात पाहिजे. त्याआधी दिवाळीत इकडचे असेंबलीवाले सुट्टीवर, आणि चीनकडून घ्यायचं तर जानेवारी-फेब्रुवारीतलं त्यांचं नवीन वर्ष सोडून. पीसीबी, पार्ट, असेंबली आणि कुरिअर धरून महिना पकडा, पहिल्या दोन-तीन नगांची चाचणी आणि दुरुस्ती याचा आणखी एक, म्हणजे फाइली जुलैअखेर गेल्या पाहिजेत. पार्सल गावात येत नसेल तर तालुक्याच्या कुरिअर ऑफिसचा पत्ता द्या आणि स्वतः उचला. बोर्डावर सिल्कस्क्रीनमधे आवृत्तीचा नंबर आणि महिना छापून घ्या, पाठवलेल्या सगळ्या फाइलींची झिप त्याच नावानं जपून ठेवा, आणि परत आलेल्या टेपा सिलिका जेलच्या पुडीसोबत हवाबंद डब्यात.